बेफिकीर चालकांच्या गर्दीत मोटरसायकल चालवताना

"माझी काही चूक नव्हती, तोच मध्ये आला." अपघातातून उठलेल्या दुचाकीस्वाराच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. मोटरसायकल दुसऱ्या वाहनावर आदळलेल्या अपघातांपैकी जवळपास दोन तृतीयांश अपघातांत आधी जाण्याचा हक्क मोटरसायकलचा होता आणि दुसऱ्या चालकाने तो डावलला होता. १९९९-२००० मध्ये युरोपातल्या पाच देशांत ९२१ अपघात असेच तपासले गेले. तिथेही निम्म्या अपघातांचं मुख्य कारण दुसऱ्या वाहनाच्या चालकाची चूक हेच निघालं. स्वाराची स्वतःची चूक ३७ टक्के अपघातांत मुख्य कारण होती. हा आकडाही लहान नाही, त्याच्याकडे पुढे येऊच.

हर्ट यांच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती या आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. नेहमीच्या अपघातात धोका उभा राहिल्यापासून धडकेपर्यंत स्वाराला दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळतो. तेवढ्यात काही नवं सुचत नाही. हात जे शिकलेले असतात तेच करतात. म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्या दोन सेकंदांच्या आधीच्या वेळेबद्दल आहे. समोरच्याची चूक आपल्या हातात नसते. ती कुठे होणार आहे हे मात्र बरेचदा आधी कळतं, कारण माणसं त्याच त्या चार-पाच चुका पुन्हापुन्हा करतात.

आधी हे समजून घ्या: तो बघतो, तरी त्याला दिसत नाही

चौकात थांबलेला कारचालक थेट तुमच्याकडे बघतो आणि तरीही गाडी पुढे काढतो. मग म्हणतो, "मला दिसलाच नाहीत." आपल्याला ही थाप वाटते. बरेचदा ती थाप नसते.

एक कारण डोळ्यांतच आहे. मान झटकन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळवताना नजर सलग फिरत नाही, उड्या मारत जाते. उडी चालू असताना मेंदू चित्र जवळपास बंद ठेवतो आणि मधली पोकळी अंदाजाने भरून काढतो. त्या पोकळीत ट्रक मावत नाही, मोटरसायकल मावते.

दुसरं कारण गाडीच्या समोरच्या काचेलगतचा खांब. आजच्या गाड्यांत तो चांगला जाड असतो. काही अंतरावरची अख्खी मोटरसायकल स्वारासकट त्याच्यामागे झाकली जाते. त्यात एक वाईट योगायोग असतो: दोन वाहनं एकमेकांवर आदळण्याच्या मार्गावर असली आणि दोघांचा वेग कायम असला, तर एकाच्या नजरेतून दुसरं वाहन एकाच कोनात खिळलेलं राहतं. म्हणजे तुम्ही खांबामागे असाल तर धडक होईपर्यंत खांबामागेच राहू शकता. हाच नियम तुमच्याही उपयोगाचा आहे. आडव्या रस्त्यावरून येणारी गाडी तुमच्या नजरेत मागेपुढे न सरकता नुसती मोठी होत असेल, तर ती आणि तुम्ही एकाच वेळी एकाच ठिकाणी पोहोचणार आहात. लगेच वेग बदला.

तिसरं कारण आकार. लहान वस्तू माणसाला असते त्यापेक्षा दूर वाटते आणि तिला पोहोचायला उशीर लागेल असंही वाटतं. तुम्ही दिसलात तरी "अजून बराच वेळ आहे" हा त्याचा हिशेब चुकतो. शिवाय त्याचं डोकं गाड्या शोधत असतं. जे शोधत नाही ते सापडत नाही.

मग करायचं काय?

दिवसाही हेडलाइट चालू ठेवा, पण खालच्या झोतावर. वरचा झोत डोळ्यांवर आला की समोरच्याला तुमचं अंतर आणि वेग ओळखता येत नाही. कपड्यांच्या बाबतीत न्यूझीलंडमधल्या ऑकलंड परिसरातला २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बोलका आहे. चमकणारे किंवा प्रकाश परतवणारे कपडे घालणाऱ्यांना इजेचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला, काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढरं हेल्मेट वापरणाऱ्यांना २४ टक्क्यांनी, आणि दिवसा हेडलाइट लावणाऱ्यांना २७ टक्क्यांनी. काळं जाकीट, काळं हेल्मेट, काळी गाडी हा थाट फोटोत छान दिसतो. रस्त्यावर दिसत नाही, हीच त्याची अडचण आहे.

चौकाजवळ येताना आपल्याच लेनमध्ये हळूच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरका. सरळ समोरून येणारी मोटरसायकल पार्श्वभूमीवर स्थिर ठिपक्यासारखी असते. ती आडवी सरकली की नजर तिकडे ओढली जाते. झोकांडी खायची नाही, नुसतं हातभर सरकायचं आहे.

मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरमुळे जीव वाचतो, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. सायलेन्सरचं तोंड मागे असतं आणि धोका बहुतेक वेळा पुढून येतो. काचा बंद करून गाणी ऐकणाऱ्या चालकाला तो आवाज ऐकू येईपर्यंत तुम्ही त्याच्या दाराशी असता. त्या पैशात चांगले हातमोजे घ्या.

लेनमध्ये नेमकं कुठे राहायचं

चारचाकीला लेनमध्ये एकच जागा असते, मोटरसायकलला तीन: डावी पट्टी, मधली पट्टी, उजवी पट्टी. ही आपल्याला मिळालेली मोठी सवलत आहे आणि अनेक स्वार ती वापरतच नाहीत, एका रेषेत चालत राहतात. दर काही सेकंदांनी तीन प्रश्न विचारायचे. इथून मला पुढचं जास्तीत जास्त दिसतंय का? इथून मी इतरांना दिसतोय का? आता कोणी अंगावर आलं तर सरकायला जागा कोणत्या बाजूला आहे? तिन्हींची उत्तरं एकाच पट्टीत मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर सरकायला जागा असणं सगळ्यात वरचं धरा.

मधल्या पट्टीवर, विशेषतः गाड्या जिथे थांबतात तिथे, ऑइल आणि डिझेल सांडलेलं असतं. सिग्नलजवळ ती टाळलेली बरी.

मोठ्या वाहनाच्या मागे चिकटून चालणं ही सवय पहिल्यांदा मोडा. बस किंवा ट्रकच्या मागे असलात की समोरून येऊन तुमच्या वाटेवरून वळू पाहणाऱ्या चालकाला फक्त ट्रक दिसतो. ट्रक गेला की तो वळतो, आणि ट्रकच्या मागून तुम्ही उगवता. अंतर वाढवा, म्हणजे तुम्ही त्याला वेगळे दिसाल आणि ट्रकखालून निघून आलेला खड्डाही तुम्हाला वेळेत दिसेल.

ट्रकच्या बाजूने जायची वेळ आली तर एक कसोटी लक्षात ठेवा: त्याच्या आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही. केबिनच्या लगेच पुढे, दोन्ही बाजूंना आणि थेट मागे असे त्याचे आंधळे पट्टे असतात. त्यांत रेंगाळायचं नाही. एकतर मागे राहा, नाहीतर पुढची वाट मोकळी दिसल्यावर एका दमात पार करा. आणि वळणाऱ्या लांब वाहनाच्या आतल्या बाजूला कधीही शिरू नका. त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत येतात. वळायच्या आधी चालक गाडी उलट बाजूला नेतो आणि आतल्या बाजूला मोकळी जागा तयार होते. ती जागा काही क्षणांत नाहीशी होणार असते.

उभ्या गाड्यांच्या रांगेपासून उघडलेल्या दारापेक्षा जास्त अंतर ठेवा, म्हणजे निदान दीड मीटर. तेवढी जागा नसेल तर वेग इतका उतरवा की दार उघडलं तर थांबता येईल. आत डोकं दिसतंय का, नुकताच ब्रेकचा दिवा विझला का, चाक रस्त्याकडे वळलंय का, हे बघत जायचं. प्रवासी उतरवायला थांबलेल्या गाडीची दोन्ही बाजूंची दारं उघडू शकतात.

बेफिकीर चालक ओळखायचा कसा

इंडिकेटरवर विश्वास ठेवायचा नाही, चालू असला तरी आणि नसला तरी. चेहऱ्यावरही ठेवायचा नाही. त्याने तुमच्या डोळ्यांत बघितलं म्हणून तुम्ही त्याला दिसलात असं होत नाही. बघायचं ते पुढचं चाक. गाडीचा बोजड देह हलल्याचं उशिरा कळतं, चाक मात्र आधी फिरू लागतं.

फोनमध्ये बुडालेला चालक लांबून ओळखू येतो. त्याचा वेग कारण नसताना कमी-जास्त होतो. गाडी लेनच्या कडेला हळूहळू वाहत जाते आणि झटक्याने परत येते. सिग्नल सुटल्यावर दोन-तीन सेकंद तो हलत नाही, मग एकदम सुटतो. अशा गाडीच्या शेजारी राहू नका, आणि तिच्या पुढे तर अजिबात थांबू नका. ६० किलोमीटर वेगात दोन सेकंद खाली बघणारा माणूस ३३ मीटर रस्ता न बघताच पार करतो.

वाट चुकलेला चालक वेगळ्या प्रकारे धोकादायक असतो. तो रेंगाळतो, पाट्या वाचतो आणि वळण हुकतंय असं वाटलं की तीन लेन कापत आडवा येतो. चौकाच्या किंवा फाट्याच्या आधी कारण नसताना हळू झालेली कोणतीही गाडी तुमच्या दिशेने वळणार असं गृहीत धरा.

रहदारी तुंबलेली असताना एक लेन सरकत असेल आणि दुसरी थांबलेली असेल, तर थांबलेल्या लेनमधून कोणीतरी बाहेर उडी मारणारच. माझ्या मते रोजच्या प्रवासातली सगळ्यात धोक्याची जागा हीच आहे, कारण आपण मोकळ्या लेनमध्ये खुशीत वेग वाढवलेला असतो. शेजारच्या लेनमधल्या दोन गाड्यांमध्ये मोकळी फट दिसली की त्या फटीत मागची गाडी शिरेल, किंवा त्या फटीतून कोणीतरी आडवं बाहेर येईल, असं धरून चला.

उतावळा चालक आवाजावरून आणि आरशातून कळतो. त्याच्याशी स्पर्धा नाही. त्याला लवकरात लवकर तुमच्या पुढे जाऊ द्या. पुढे गेलेला धोका निदान दिसत राहतो.

चौक ओलांडताना

हर्ट यांच्या तपासात मोटरसायकलचे अपघात होण्याची सगळ्यात संभाव्य जागा चौकच होती. म्हणून इथे क्रम पाठ असावा.

१. चौक दिसताच आरसा बघा. मागचा किती जवळ आहे हे माहीत असल्याशिवाय पुढे किती जोरात थांबता येईल हे ठरत नाही.

२. अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडा आणि पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर दोन बोटं ठेवा. बोटं तिथे नेण्यात तीन दशांश सेकंद वाचले तरी ६० च्या वेगात ५ मीटर वाचतात.

३. समोरून येऊन वळू पाहणारी गाडी, दोन्ही आडव्या रस्त्यांवरच्या गाड्या आणि पादचारी, हे सगळं एका नजरेत घ्या. एखादा कोपरा बस किंवा भिंतीमुळे झाकलेला असेल तर त्यामागे गाडी आहेच असं धरा.

४. ज्या बाजूने धोका जास्त, त्या बाजूपासून लेनमध्ये लांब सरका. त्याने तुम्हीही त्या चालकाला जरा आधी दिसता आणि तो निघालाच तर तुमच्याकडे थोडी जास्त जागा उरते.

५. आता ठरवा: तो निघाला तर मी ब्रेक मारणार की त्याच्या मागून निघणार? उत्तर आधीच तयार असेल तर ते दोन सेकंद पुरतात.

६. सिग्नल नुकताच हिरवा झाला असेल तर लगेच सुटू नका. लाल झाल्यावरही दामटणारा एखादा आडव्या रस्त्यावर असतोच. दोन्हीकडे बघा आणि मग निघा. मागून हॉर्न वाजला तर वाजू द्या.

चौकात किंवा चौकाच्या तोंडाशी ओव्हरटेक करायचा नाही. पुढची गाडी तिथे हळू झाली आहे म्हणजे तिला काहीतरी दिसलं आहे.

मागून येणारा

पुढच्याची काळजी घेताना मागचा विसरतो. सिग्नलला थांबताना लेनच्या मध्यावर थांबू नका, एका कडेला थांबा. पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर ठेवा. पहिला गिअर पडलेला, क्लच दाबलेला, नजर आरशात. मागे एक-दोन गाड्या येऊन नीट थांबेपर्यंत ब्रेकचा दिवा दोन-चारदा चमकवा. मागून येणाऱ्याचा वेग उतरत नाही असं दिसलं तर पुढच्या दोन गाड्यांच्या मधली फट हीच तुमची सुटकेची जागा. म्हणून ती थांबतानाच शोधून ठेवायची.

चालत्या रस्त्यावर कोणी मागे चिकटला तर वेग वाढवून त्याच्यापासून पळू नका, तो नव्या वेगातही तेवढाच चिकटतो. उलट पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवा. त्यामुळे पुढे काही झालं तर तुम्हाला हळूहळू थांबता येईल आणि मागच्यालाही वेळ मिळेल. मग पहिली संधी मिळताच बाजूला होऊन त्याला वाट द्या. झटकन ब्रेक मारून त्याला धडा शिकवायची कल्पना मनात आली तर दोघांच्या वजनाचा हिशेब करून बघा.

अंतर, वेग आणि ब्रेक

पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की मोजायला सुरुवात करा. तुम्ही तिथे पोहोचेपर्यंत कमीत कमी दोन सेकंद व्हायला हवेत. मी तीन धरायला सांगेन, ओल्या रस्त्यावर चार. अंतर ठेवलं की त्यात दुसरी गाडी घुसते, ही तक्रार खरी आहे. घुसू द्या आणि पुन्हा अंतर करा. दर घुसलेल्या गाडीमागे तुमचे दोन-तीन सेकंद जातात. अख्ख्या प्रवासात मिळून एक-दोन मिनिटं.

वेगाचं गणित मात्र डोळे उघडणारं आहे. कोरडा चांगला रस्ता, ठीकठाक टायर, धोका कळून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद, आणि त्यानंतर चांगलं ब्रेकिंग असं धरलं तर ४० किलोमीटर वेगात गाडी एकूण साधारण २० मीटरमध्ये थांबते. ६० च्या वेगात ३६ ते ३७ मीटर लागतात, ८० ला ५७ ते ५८. आता वेगळ्या प्रकारे बघा. ४० वाला जिथे पूर्ण थांबला, त्याच जागी ६० वाल्याच्या गाडीला ब्रेक नुकताच लागलेला असतो आणि तिचा वेग अजून ५५ च्या आसपास असतो. वस्तीच्या रस्त्यावर वीस किलोमीटर जास्त वेगाने किती मिनिटं वाचतात हे ज्याचं त्याने मोजावं.

ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. हर्ट यांच्या तपासात घाबरलेले स्वार नेमकं उलट करताना आढळले: मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसरवायचं आणि पुढचा पुरेसा दाबायचाच नाही. पुढच्या ब्रेकने गाडी उलटते ही भीती लिव्हर एकदम आवळण्यातून आलेली आहे. लिव्हर पिळत न्यायची असते, ओल्या फडक्यातून पाणी काढावं तशी: आधी हलका दाब, पुढचा टायर रस्त्यात रुतल्यासारखा वाटला की मग पूर्ण जोर. मागचा ब्रेक सोबत हलका. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) असेल तर दोन्ही घट्ट धरून ठेवा आणि लिव्हर थरथरली म्हणून सोडू नका.

हे वाचून येत नाही. मोकळं मैदान किंवा रिकामा रस्ता शोधा, हेल्मेट-हातमोजे घाला आणि ३० च्या वेगापासून सुरुवात करा. ठरलेल्या खुणेवर ब्रेक, थांबल्याचं अंतर पावलांनी मोजायचं, मग ४०, मग ५०. एबीएस नसलेल्या गाडीवर पुढचं चाक घसरल्यासारखं वाटलं तर लिव्हर क्षणभर सैल करून पुन्हा पिळायची, हेही कमी वेगात करून बघा. काही महिन्यांनी पुन्हा सराव करा, कारण हात विसरतात.

त्याच मैदानात झुकांडी द्यायलाही, म्हणजे अडथळा चुकवून झटकन बाजूला निघायलाही, शिका. सायकलच्या वेगापेक्षा जास्त वेगात मोटरसायकल हँडल फिरवून वळत नाही. डावीकडे जायचं असेल तर डाव्या मुठीला पुढे ढकलायचं, उजवीकडे जायचं असेल तर उजव्या. ऐकायला विचित्र, पण एकदा करून बघितलं की पटतं. ब्रेक आणि झुकांडी एकत्र करायची नाही, टायरची पकड दोन्हीला एकदम पुरत नाही. आणि नजर मोकळ्या जागेवर ठेवा. अडथळ्याकडे टक लावून बघणारा स्वार अडथळ्यावरच जाऊन आदळतो.

थांबलेल्या गाड्यांच्या मधून

थांबलेल्या किंवा हळू सरकणाऱ्या गाड्यांच्या दोन रांगांमधून वाट काढायला काही ठिकाणी परवानगी आहे, बऱ्याच ठिकाणी नाही. आधी तिथला नियम बघा. कॅलिफोर्नियात सुमारे ६ हजार अपघातग्रस्त मोटरसायकलस्वारांच्या नोंदींवरून बर्कली विद्यापीठाने २०१५ मध्ये जो अभ्यास मांडला, त्यातून एक कामाचा नियम मिळतो: रहदारी ताशी ८० किलोमीटरपेक्षा कमी वेगाने चालत असताना आणि स्वाराचा वेग तिच्यापेक्षा २४ किलोमीटरपर्यंतच जास्त असताना जोखीम मर्यादेत राहते. फरक वाढला की इजाही वाढते. माझी मर्यादा याहून बरीच खाली आहे: झपाझप चालण्याचा वेग, आणि रहदारी सुटू लागली की लगेच लेनमध्ये परत.

पाऊस आणि अंधार

बऱ्याच दिवसांनी पडलेल्या पावसाची पहिली काही मिनिटं सगळ्यात घसरडी असतात, कारण साठलेलं ऑइल आणि धूळ पाण्यावर तरंगून येते. शक्य असेल तर तेवढा वेळ आडोशाला थांबा. रस्त्यावर रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं, रूळ यांवर झुकलेल्या गाडीने किंवा ब्रेक मारत जाऊ नका. रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडा.

अंधारात हेडलाइटच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग. समोरून झगझगीत प्रकाश आला तर त्या दिव्यांकडे न बघता रस्त्याच्या आपल्या बाजूच्या कडेच्या पट्ट्याकडे बघा. एकच दिवा लावून येणारं वाहन मोटरसायकल असेलच असं नाही. एक दिवा गेलेली कारही असू शकते, आणि विझलेला दिवा तुमच्या बाजूचा असू शकतो.

अंगावर काय असावं

१९३५ साली टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी, मोटरसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून काही दिवसांनी गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी एक मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स होते. पुढे केर्न्स यांनी मोटरसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या सैनिकांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटच्या बाजूने शोधनिबंध छापला. आज अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून आलेला आकडा असा: हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो.

हे आकडे पट्टा बांधलेल्या, मापाच्या हेल्मेटचे समजा. हनुवटी झाकणारं पूर्ण हेल्मेट घ्या. घालून दोन्ही हातांनी ते फिरवायचा प्रयत्न करा: गालाची कातडी सोबत ओढली जायला हवी. पट्टा बांधून मागच्या बाजूने वर ढकलल्यावर ते निघून आलं तर माप मोठं आहे. ईसीई २२.०६ (हेल्मेटचं युरोपातलं मानक) किंवा तुमच्या देशातल्या मान्य मानकाचा शिक्का बघा.

पडताना माणूस आपसूक हात टेकवतो, म्हणून हेल्मेटनंतरचा खर्च हातमोज्यांवर. मग घोटा झाकणारे बूट, मग खांदा, कोपर आणि गुडघ्याला कवच असलेलं जाकीट आणि पँट. युरोपीय मानकात कपड्यांना ए, एए, एएए असे चढते दर्जे असतात. रोजच्या वापराला एए पुरेसा आहे, घामाने नकोसा होऊन घरी पडून राहणाऱ्या एएएपेक्षा तर नक्कीच.

गाडीचं थोडक्यात: आठवड्यातून एकदा थंड टायरमध्ये हवा तपासा, नक्षी आणि टायरचं वय बघा. टायरच्या कडेला चार अंक असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. निघताना दोन्ही ब्रेक दाबून मागचा दिवा लागतो का ते बघा. आरसे असे लावा की त्यांत स्वतःच्या कोपरापेक्षा रस्ता जास्त दिसेल, आणि तरीही लेन बदलण्याआधी मान वळवून एकदा मागे बघाच.

राग, दारू आणि थकवा

स्वाराच्या स्वतःच्या चुकीचा तो ३७ टक्क्यांचा आकडा इथे येतो. त्यात आपलाच वेग, आपलाच अंदाज आणि आपलंच डोकं आहे. दारूबद्दल एकच: प्यायल्यावर गाडीला हात नाही, एका पेल्यानंतरही नाही. थकव्याने कमी झालेली नजर स्वतःला जाणवत नाही, म्हणून लांबच्या प्रवासात कंटाळा येण्याआधी थांबा.

कोणी कट मारला की हात आपोआप उठतो, शिवी येते, पाठलाग करावासा वाटतो. तो चालक पुढच्या चौकात तुम्हाला विसरलेला असतो, आणि तुम्ही मात्र पुढची काही मिनिटं त्याच्याच गाडीकडे बघत चालवता. तेवढ्या वेळात दुसरा कोणीतरी दार उघडतो. अशा वेळी एक दीर्घ श्वास घ्या, वेग थोडा उतरवा आणि आरसे, चौक, चाकं ही तपासणी पहिल्यापासून सुरू करा. हात थरथरत असतील तर बाजूला थांबा.

तरीही अपघात झालाच तर

तुम्ही पडलात आणि शुद्धीवर असाल तर झटकन उभे राहू नका. घसरणं पूर्ण थांबलंय याची खात्री करा, रहदारी येत असेल तर रस्त्याबाहेर सरका, आणि मग हातपाय, मान, पाठ एकेक करून जाणवून बघा. मानेत किंवा पाठीत दुखत असेल तर हलू नका, लोकांना रहदारी अडवायला सांगा.

दुसरा कोणी पडलेला दिसला तर आधी येणाऱ्या गाड्यांना इशारा द्या, मग रुग्णवाहिका बोलवा. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका. तो श्वास घेत नसेल आणि तोंडापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्गच नसेल तरच ते काढायचं, आणि तेही एकाने मान आणि डोकं स्थिर धरून दुसऱ्याने हळूहळू. काच मात्र लगेच वर करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने सलग दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका. त्याला पाणी पाजू नका. अंगावर काहीतरी पांघरा आणि त्याच्याशी बोलत राहा.

डोक्याला मार लागल्यानंतर बरं वाटत असलं तरी त्या दिवशी एकटं राहू नका. वाढती डोकेदुखी, उलटी, गोंधळ, गुंगी, बोलण्यात अडखळणं यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालयात जा. आणि एकदा आपटलेलं हेल्मेट, वरून कितीही धड दिसत असलं तरी, पुन्हा वापरू नका. आतला थर एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो. पट्टा कापून ते टाकून द्या, म्हणजे दुसरं कोणी उचलून वापरणार नाही.